व्हॉल्व्हजवळची तांब्याची तार

सोमवारी दुपारी कुरिअरवाल्याने ग्वाक देसोपच्या सायकलच्या दुकानात एक भलंमोठं चपटं खोकं आणून भिंतीला टेकवलं आणि तो लगेच परत फिरला.

"अरे, माझं काही यायचं नव्हतं!" देसोप आतून ओरडला.

"तुमचं नाहीच, टोफूवाल्या काकांचं आहे. सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं ना! खोक्यावर चाकाचं चित्र दिसलं, म्हटलं हे शेवटी इथंच येणार. तुम्हीच द्या त्यांना!"

गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. आपण तिघांचे हेलपाटे वाचवले अशाच समाधानात तो गेला असणार.

देसोपने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. खोक्यावर नाव प्यो छुनबेचं होतं. पाठवणारं दुकान इंग्लंडातलं. त्या दुकानाचं नाव देसोपला नको तितकं माहीत होतं. गेली काही वर्षं कोरियातल्या ह्या वोंजू गावातली तरणी पोरं त्याच दुकानाची वाखाणणी करत यायची. घरबसल्या रिम निवडा, हब निवडा, आऱ्यांचा रंग निवडा, आपलं वजन कळवा. तिकडचा कारागीर तुमच्यापुरतं चाक बांधतो आणि थेट घरी धाडतो. मग तीच पोरं ती चाकं घेऊन देसोपकडे यायची, टायर चढवून घ्यायला. तो न बोलता चढवून द्यायचा. पोरांचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. त्यांच्या आजोबांनीसुद्धा बाहेरचं ते चांगलंच मानलं होतं.

पण छुनबे?

छुनबे त्याच्याहून चार वर्षांनी लहान. दोघांनी मिळून चियाक डोंगरावर सायकली चढवायला सुरुवात केली, तेव्हा गावात ह्या खेळाला नावसुद्धा नव्हतं. क्लब दोघांनीच काढला. त्या दिवसापासून छुनबेच्या अवाढव्य देहाखाली जी जी चाकं फिरली, ती सगळी देसोपच्या हातची. किती रिमा मोडल्या आणि किती हब त्याने चिरडले, त्याची दोघांनाही मोजदाद नव्हती. टोफूच्या दुकानात छुनबे गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझं शरीर माझ्या आईने बनवलं, पण ते जागेवर ठेवलंय देसोपदादाने."

देसोप त्या खोक्यासमोर स्टुलावर बसून राहिला. आपल्याच घरात आपल्या ताटातला घास कोणी उचलून न्यावा, तसं त्याला वाटलं.

ह्याच स्टुलावर तो पंधराव्या वर्षी कामाला बसला होता. तेव्हा दुकान म्हाताऱ्या उस्तादाचं होतं आणि डोंगर कोणी चढत नसे. सायकली ओझी वाहायच्या. कोळशाच्या विटा, तांदळाची पोती, आणि माकॉलीचे, म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या दारूचे, मोठाले कॅन. अशा ओझ्याखाली आरा तुटला तर तो चाबकासारखा उसळून माणसाची पिंढरी फाडायचा. म्हणून उस्ताद दोन आरे जिथे एकमेकांना छेद देतात, तिथे तांब्याची बारीक तार गुंडाळून कथलाचा डाग द्यायचा. तुटलेला आरा मग जागीच राही.

पुढे ओझी टेम्पोत गेली आणि तारेची गरज सरली. तरी देसोप प्रत्येक मागच्या चाकाला, व्हॉल्व्हच्या डावीकडच्या पहिल्या छेदावर, एकच तार बांधायचा. तीन वेढे, आणि टोक आत दडवलेलं. तो डावखुरा असल्यामुळे त्याचे वेढे उलटे पडत. त्या तारेचा उपयोग काहीच नव्हता. चाक झालं, ह्याला मी जबाबदार, एवढंच ती सांगायची. उस्तादाने त्याला तार हातात दिली, ती दहा वर्षं चाकं बांधून घेतल्यावर.

आणि त्याच तारेपायी त्याचा मुलगा घर सोडून गेला होता.

सोकजूने तेविसाव्या वर्षी आपलं पहिलं अख्खं चाक बांधलं. चाक वाईट नव्हतं. पण बापाला न विचारता त्याने त्यावर तार बांधली आणि क्लबातल्या लोकांना कौतुकाने दाखवली. देसोपने भर दुकानात कटर उचलला. आधी तार तोडली. मग एकेक करून सगळे आरे तोडले. तुटताना प्रत्येक आरा टणकन वाजत होता आणि कोणाला मध्ये पडायचं धैर्य होत नव्हतं. "शेवया कर शेवया," तो म्हणाला होता, "हा हात चाकाचा नाही." सोकजूने जमिनीवरचे तुकडे गोळा केले, केर भरला, आणि पुढच्या वसंतात परदेशी निघून गेला. आधी ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला, मग इंग्लंडात कुठल्याशा गोदामात. आईला फोन यायचे. बापाला नाही.

त्याला आठ वर्षं झाली.

"दादा! खोकं... खोकं इकडे..."

दारात छुनबे उभा होता. पायात घरातल्या सपाता, हातात फोन, तोंडाला फेस यायचा बाकी. पार्सल पोचल्याचा निरोप त्याला फोनवर आला होता.

"ये," देसोप म्हणाला. "तुझी नवरी आलीय. मी तोंड पाहिलेलं नाही अजून."

"दादा, ऐकून तर घ्या. माझ्या दुकानाचा पत्ता मी अशासाठी दिला की घरी बायकोला कळू नये..."

"म्हणजे माझ्यापासून लपवलंस ते लपवलंस, बायकोपासूनही लपवलंस. कारभार मोठा चोख आहे."

"तुम्हाला त्रास नको म्हणून हो! मागच्या शरदात माझ्या चाकाचा आउट काढताना तुम्ही सारखा चष्मा पुसत होतात. म्हटलं, दादांच्या डोळ्यांना आता..." छुनबे बोलता बोलता थांबला. आपण आगीत तेल ओततोय हे त्याला उशिरा का होईना कळलं.

"उघड."

"घरी नेऊन उघडतो ना."

"इथं उघड. आणि टायर कोण चढवणार? तुझी बायको?"

छुनबेने खोकं फोडलं. आतून दोन चाकं निघाली, काळीभोर, अंगाला तेलाचं बोटसुद्धा नाही. क्षणभर दोघेही सायकलवाले सगळं विसरून बघत राहिले. मग छुनबे मोजू लागला, परत मोजू लागला, आणि त्याचा चेहरा पडला.

"फसवलं! दादा, मला फसवलं! मी अठ्ठावीस आऱ्यांची मागवली होती, हलकी. ही बत्तीसची आहेत!"

"वजन किती लिहिलं होतंस?"

छुनबे छताकडे बघू लागला.

"किती?"

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशी! अरे, एवढ्या तर तुझ्या मांड्या भरतील."

"लग्नाच्या वेळी होतो मी ब्याऐंशी!"

"मग नवरदेवाला घेऊन चढ डोंगर." देसोपने पुढचं चाक उचललं, आऱ्यांच्या जोड्या बोटांनी चिमटीत दाबून पाहिल्या. "बत्तीसच हवेत तुला. अठ्ठावीसचं चाक पहिल्या उतारालाच बसलं असतं. तू खोटं लिहिलंस, बांधणाऱ्याने खरं वजन धरलं. शहाणा माणूस आहे."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच ते विचित्र वाटलं. त्याने छुनबेकडे पाहिलं. छुनबेने त्याच्याकडे.

"दादा," छुनबे हलक्या आवाजात म्हणाला, "इंग्लंडातल्या माणसाला माझं पोट कुठून दिसलं?"

त्याने हातातल्या फोनकडे संशयाने पाहिलं आणि तो काउंटरवर उपडा ठेवून दिला.

मागचं चाक देसोपने सवयीने स्टँडवर लावलं आणि फिरवलं. चाक डोळ्यांत पाणी आणील इतकं सरळ फिरत होतं. तो ते थांबवायला गेला, तशी त्याच्या बोटाला व्हॉल्व्हच्या डावीकडे काहीतरी खरखरीत लागलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

तांब्याची तार होती. पहिल्या छेदावर. तीन वेढे, टोक आत दडवलेलं. आणि वेढे उलटे.

जगात तार बांधणारे म्हातारे कारागीर अजून कुठे कुठे असतील. पण ह्या छेदावर, एवढीच एक तार, आणि तीही उलट्या वेढ्यांनी? सोकजू तर उजव्या हाताचा. सरळ हाताच्या माणसाला असे वेढे घालायचे तर मनगट पिरगाळावं लागतं. जो लहानपणापासून एका डावखुऱ्याच्या हाताकडे बघत ते शिकला असेल, आणि दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने तार गुंडाळता येते हे ज्याच्या डोक्यातही आलं नसेल, त्याच्याच हातून हे होणार.

देसोप मागे न बघताच खाली बसला. स्टूल मागे होतं म्हणून तो जमिनीवर आदळला नाही. एक बोट तारेवरच राहिलं, दुसरा हात छातीशी गेला.

"दादा? दादा, छातीत दुखतंय का? वहिनी! मालजावहिनी! धावा!"

मागच्या स्वयंपाकघरातून मालजा धावत आली. कोपरापर्यंत हात मिरचीच्या लाल वाटणाने माखलेले. तिने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग त्याचं बोट कुठे टेकलंय ते पाहिलं, आणि ती थांबली. तिने तार पाहिली. तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

आणि देसोपला दुसरा धक्का बसला तो इथे.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"गोदामात खोकी उचलतो म्हणालीस!"

"पहिलं वर्ष उचलत होता. मग त्यांचा एक कारागीर आजारी पडला, तेव्हा ह्याला बसवलं. आता तिथे चाकं बांधायला तिघेजण आहेत आणि तिघांत हा वरचा आहे."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?" मालजाचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "पोरगा जेवला का, एवढंसुद्धा आठ वर्षांत विचारलं नाहीत. त्याचा फोन आला की तुम्ही दुकानात येऊन पंप दुरुस्त करत बसता. तोच एक पंप. आठ वर्षं."

छुनबे बिचारा कोपऱ्यात जितकं लहान होता येईल तितका झाला होता. तरी त्याच्याने राहवेना. "पण वहिनी, माझं वजन..."

"भाऊजी, ऑर्डरीत वोंजू वाचलं म्हणून त्याने नाव पाहिलं, तर तुमचं. ते काम त्याने मागून घेतलं. मला फोन करून म्हणाला, आई, काका खरंच ब्याऐंशी किलोचे झालेत का? आजारी आहेत का?"

"मग?"

"मी म्हटलं, ठणठणीत आहेत. होते त्याहून वाढलेत."

"वहिनी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे. ज्या दुकानाच्या नावाने देसोप इतकी वर्षं बोटं मोडत होता, त्या दुकानात त्याचंच रक्त बसलेलं होतं. किती पोरांच्या चाकांना त्याने मुकाट्याने टायर चढवले होते! त्यातली कुठली सोकजूच्या हातची होती, कोणास ठाऊक. मग त्याच्या ध्यानात आलं, की त्या चाकांवर तार नव्हती, असती तर त्याच्या बोटाला कळलीच असती. सोकजूने तार बांधली ती फक्त ह्या चाकावर. जे चाक फिरत फिरत बापाच्या स्टँडवर येणार हे त्याला ठाऊक होतं, त्या एकाच चाकावर.

त्या आठवड्यात देसोपने दुसरं काम घेतलं नाही. चाकं छुनबेला द्यायचीही घाई केली नाही. येणाजाणाऱ्यांना तो चाक स्टँडवर फिरवताना दिसे. तो खोट शोधत होता. आरा आरा छेडून कान देऊन ऐकत होता. अखेर डाव्या बाजूला त्याला किंचित मऊपणा सापडला, इतका बारीक की दुसऱ्या कोणी शपथ घेऊन नाही म्हटलं असतं. त्याने आरे आवळायची चावी उचलली. बराच वेळ हातात धरली आणि परत खणात ठेवली.

"सापडलं ना काहीतरी?" मालजाने जेवताना विचारलं.

"डावी बाजू."

"बरं झालं. नाहीतर तुम्हाला जेवण गेलं नसतं."

रविवारी चियाकच्या पायथ्याशी क्लबाची वर्षाची पहिली पूजा होती. चटई अंथरलेली, समोर फळं, भाताचे उंडे आणि शिजवलेलं डुकराचं मुंडकं, तोंडात भाविकांच्या नोटा धरून हसणारं. सगळ्या सायकली ओळीने उभ्या. डोंगराला वाकून झालं की माकॉलीची पहिली वाटी चाकांवर ओतायची, आणि ती ओतायचा मान देसोपचा. पण त्याचा एक दंडक होता. तो फक्त स्वतः बांधलेल्या चाकांवर ओतायचा. बाहेरच्या चाकांना तो नुसता हात लावून पुढे जायचा. कोणी रागवत नसे. दरवर्षी हात लावायची चाकं वाढत होती आणि वाटी भरलेलीच परत यायची, एवढंच.

छुनबेने लाजेकाजेस्तव नवी चाकं लावून सायकल ओळीच्या अगदी टोकाला, झुडपाआड उभी केली होती. टायर देसोपनेच चढवून दिले होते, पण अजून दोघांत धड बोलणं नव्हतं.

देसोप वाटी घेऊन निघाला. एका जुन्या चाकावर चार थेंब. मग हात, हात, हात. असं करत तो झुडपाशी पोचला. छुनबेने मान खाली घातली.

देसोपने उरलेली अख्खी वाटी त्या काळ्या चाकावर रिकामी केली. पांढरी दारू आऱ्यांवरून ओघळून गवतात टपटपली.

क्लबाच्या हिशेबनीस नामताई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, गावात कोणाला कुठून काय येतं हे अजूनही ज्यांना आधी कळतं, त्या पुढे झाल्या. "अहो देसोपभाऊ, चुकलात! ते इंग्लंडातून आलंय. मला माहीत आहे."

"घरचंच आहे," देसोप म्हणाला.

"घरचं कसं? मी खोकं पाहिलं!"

"ताई, तुम्ही खोकं पाहिलंत. मी चाक पाहिलं." आणि तो वाटी चटईवर ठेवून डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. मागे कुजबुजीचा असा कल्लोळ उठला, की पूजेचं पुढचं सगळंच राहून गेलं. ज्यांना ते कटरचं प्रकरण आठवत होतं, ते व्हॉल्व्हजवळ वाकून पाहत आणि डोळे मोठे करून एकमेकांकडे बघत.

संध्याकाळी देसोप टोफूच्या दुकानात गेला. छुनबे सोयाबीनची पोती रचत होता.

"तो फोन काढ. मला चाकं मागवायची आहेत."

"कोणाकडून?"

"जिथून तू मागवलीस तिथून."

छुनबेच्या हातातलं पोतं सुटलं. "दादा, तुम्ही? लोक काय म्हणतील! टोफूवाला दुसऱ्याकडून टोफू आणायला लागला तर दुकानाला टाळंच!"

"लिही."

छुनबेने लिहायला घेतलं. रिम कुठली, हब कुठला, सगळं देसोपने न अडखळता सांगितलं. वजन विचारलं तेव्हा म्हणाला, "बाहत्तर." शेवटी काही खास सूचना असल्यास लिहायची जागा होती. देसोपने एक पोतं ओढून त्यावर बसकण मारली.

"लिही. प्यो छुनबेच्या मागच्या चाकाची डावी बाजू थोडी सैल आहे."

"दादा, ही ऑर्डर आहे की तक्रार?"

"पुढे लिही. तार बरोबर बांधली आहे."

छुनबेने वर पाहिलं. त्या एका वाक्यासाठी एक पोरगा आठ वर्षं परमुलखात थांबला होता, हे त्यालाही कळत होतं. त्याने बटण दाबलं.

उत्तर यायला दोन दिवस लागले. छुनबे मळकट एप्रनसकट धावत आला आणि फोन काउंटरवर ठेवला. वर इंग्रजीत आभारप्रदर्शन होतं. त्याखाली आपल्या भाषेत लिहिलं होतं: 'डाव्या बाजूचं लक्षात ठेवतो. पण ग्राहकाने कळवलेलं वजन जुनं वाटतं. आई म्हणते, बाबा वाळलेत. खरं वजन कळल्याशिवाय चाक बांधता येत नाही.'

देसोपने ते वाचलं. परत वाचलं. मग उठून थेट टोफूच्या दुकानात गेला आणि सोयाबीन मोजायच्या मोठ्या काट्यावर बुटांसकट उभा राहिला.

"किती?"

मागोमाग आलेल्या छुनबेने काट्यावर वाकून पाहिलं आणि तो दचकला. "दादा, त्रेसष्ट! बाहत्तर कुठले हो? कधीचं वजन सांगितलंत तुम्ही?"

देसोप काट्यावरून उतरला नाही. सोकजू गेला त्या वर्षी तो बाहत्तर होता. त्यानंतर त्याने वजन केलंच नव्हतं.

"त्रेसष्ट लिही," तो म्हणाला. "आणि खाली लिही, जेवलास का?"

"ऑर्डरीत?"

"ऑर्डरीतच."